सहीच्या तीन ओळी

भिकन सपकाळेला स्पॅनिश चांगलं येत होतं, पण स्वतःच्या पदविकेचं भाषांतर स्वतः करायची त्याला मुभा नव्हती. धुळ्याच्या ज्या कृषी महाविद्यालयात तो शिकवत होता, त्यांच्या पत्रात हे स्पष्ट लिहिलं होतं. मूळ प्रमाणपत्र आणि त्रयस्थ माणसाने केलेलं इंग्रजी भाषांतर, प्रतिज्ञापत्रासह, शनिवारी दुपारपर्यंत सादर करावं. पत्र त्याच्या हातात गुरुवारी पडलं.

हे १९९० चं फेब्रुवारी. भिकनची परिविक्षेची दोन वर्षं महिनाअखेरीस संपत होती. कागद मान्य झाले तर तो कायम होणार होता, नाही झाले तर नोकरी जाणार होती. बी.एस्सी. त्याने इथेच केलं होतं. पण वनस्पतिरोगाच्या अधिव्याख्यात्याला पदव्युत्तर पात्रता लागते, आणि त्याची ती पात्रता म्हणजे स्पेनच्या कॅनरी बेटांवरच्या एका संस्थेची केळीच्या रोगांवरची दोन वर्षांची पदविका. शिष्यवृत्ती मिळवून तो तिकडे गेला होता. सावद्याजवळच्या खेड्यातला, बौद्धवाड्यातला मुलगा केळीवरचा करपा शिकायला समुद्रापलीकडे गेला, याची तेव्हा जळगावच्या एका दैनिकात चार ओळींची बातमी आली होती. ते कात्रण त्याच्या वडिलांकडे, यादवकडे, अजून होतं.

स्पॅनिश जाणणारा माणूस जळगावात एकच होता. पितांबर फेगडे. मूळचा सावद्याचा. मुंबईत स्पॅनिश पाद्र्यांच्या शाळेत तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेला. पाद्र्यांची मायदेशी जाणारी पत्रं टाइप करता करता तो ती भाषा शिकला. त्याच्या मोठ्या भावाच्या बागेत यादव सपकाळेने उमेदीची सगळी वर्षं केळीचे घड कापले होते.

गुरुवारी संध्याकाळी भिकन पितांबरच्या दारात उभा राहिला.

"आबा, मी यादवचा भिकन."

"माहीत आहे. ये. बस खुर्चीवर." भिकन टोकावर बसला तसा पितांबर म्हणाला, "नीट बस. प्राध्यापक झालास ना? मग पाठ टेकायला शीक."

चहा आला. कपबशी घरातल्या सगळ्यांसारखीच होती. भिकनने ते पाहिलं, आणि त्याने पाहिलं हे पितांबरने पाहिलं. दोघांनी चहा संपवला.

मग पुठ्ठ्याच्या नळीतून प्रमाणपत्र बाहेर आलं. पितांबरने ते टेबलावर पसरलं, चारही कोपऱ्यांवर वजनं ठेवली आणि वरपासून वाचायला सुरुवात केली. मजकूर सरळ होता. तळाशी आल्यावर तो थांबला.

तळाशी सहीच्या तीन ओळी होत्या. पहिल्या ओळीत छापलेलं पद : रेक्टर, म्हणजे संस्थेचे प्रमुख. दुसऱ्या ओळीत 'पी. डी.' ही दोन अक्षरं आणि पुढे उपप्रमुखांचं पद. त्याखाली शाईची सही. तिसऱ्या ओळीत 'एफडीओ' ही तीन अक्षरं आणि सही करणाऱ्याचं, म्हणजे उपप्रमुखाचं, टाइप केलेलं नाव.

"एफडीओ म्हणजे 'सही केली', ते सोपं आहे," पितांबर म्हणाला. "पी. डी. म्हणजे अधिकार सोपवून. प्रमुखांनी आपला सहीचा अधिकार याला दिला होता का?"

"लेखी दिला होता. आमच्या तुकडीच्या सगळ्याच पदविकांवर त्यांची सही आहे. तिकडे त्यात कोणाला काही वाटत नाही, आबा."

"वाटो न वाटो. आहे तसं लिहायचं. तीन ओळी आहेत, तीन ओळी येतील."

रात्रीच त्याने कच्चं भाषांतर फुलस्केपवर उतरवलं. खाली डाव्या बाजूला तीन ओळी इंग्रजीत, एकाखाली एक. 'रेक्टर.' 'अधिकार सोपवल्यावरून, व्हाइस-रेक्टर.' 'सही केली,' आणि नाव.

शुक्रवारी दोघे कोर्टाच्या आवारात गेले. तिथे निंबाखाली झुलाल भोईचं टेबल होतं. जळगावात इंग्रजी टायपिंग बिनचूक करणारा म्हणून त्याचं नाव होतं. स्टॅम्पपेपर आणला, झुलालने कागद चढवला. नोटरीसाहेब कोट खांद्यावर टाकून तयार होते, त्यांना दुपारच्या गाडीने भुसावळला लग्नाला जायचं होतं.

"झुलालभाऊ, होईल ना तासाभरात?" भिकनने विचारलं.

"सर, माणसाचं आयुष्य तासात टाइप करून देतो मी. जन्म, लग्न, फारकत, वारस. तुम्ही बसा."

टाइप झालेला कागद पितांबरने हातात घेतला. मजकुरात चूक नव्हती. तळाशी मात्र तीन ओळींच्या जागी एकच ओळ होती. झुलालने टाइप केलं होतं : एसडी, तिरकी रेघ, आडवी रेघ, आणि पुढे 'रेक्टर'.

आपल्याकडे कोणत्याही सरकारी कागदाची नक्कल करताना सहीच्या जागी हेच लिहितात. मराठीत 'सही' लिहून रेघ ओढतात, इंग्रजीत एसडी. मूळ कागदावर सही आहे, नकलेत ती उमटवता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. झुलालने उभ्या आयुष्यात हजारो निकालपत्रं आणि खरेदीखतं अशी उतरवली होती. पितांबरनेही मुंबईत तेच केलं होतं.

"झुलाल, इथं तीन ओळी होत्या."

"आबा, तीन ओळी कायले? सहीच्या जागी सही येते. मी हेड कोण ते टाकलं. खाली दुसऱ्याचं नाव टाकलं तर वाचणारा विचारेल, हेडची सही कुठे गेली? नकलेत कोणी इतकं टाकतं का? तुम्हीच सांगा."

नोटरीसाहेब म्हणाले, "फेगडे, नवा स्टॅम्पपेपर आणायचा तर मी सोमवारी."

सोमवारी म्हणजे मुदतीनंतर. भिकनने पितांबरकडे पाहिलं. "चालेल ना आबा?"

पितांबरने ती ओळ पुन्हा वाचली. सही होती. ती प्रमुखाच्या अधिकाराने होती. नकलेचा रिवाज सगळ्यांना माहीत होता. शिवाय तीन ओळी न दिसल्या तर निष्कारण कोणी प्रश्नही विचारणार नाही, असंही त्याच्या मनात आलं.

"चालेल," तो म्हणाला. 'भाषांतर मुळाबरहुकूम आहे' या वाक्याखाली त्याने सही केली, नोटरीने शिक्का मारला, आणि शनिवारी सकाळी भिकन एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचला. कागद वेळेत दाखल झाले. महिनाअखेर उलटली, तरी कायम केल्याचा आदेश काही आला नाही. चौकशी केली की कार्यालयातून एकच उत्तर मिळे : फाइल साहेबांकडे आहे.

मार्चच्या मध्यात महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेकडे निनावी अर्ज आला. तो कोणी केला हे शेवटपर्यंत कळलं नाही. अर्जात दोनच वाक्यं होती. सपकाळे यांचं परदेशी प्रमाणपत्र खोटं आहे. मूळ कागद आणि भाषांतर शेजारी ठेवून पाहावं.

प्राचार्य डॉ. अभिमन देवरे यांनी ते शेजारी ठेवून पाहिलं. स्पॅनिश त्यांना येत नव्हतं, पण त्याची गरजही नव्हती. मूळ कागदावर सहीच्या वर जे पद छापलं होतं त्याच्या सुरुवातीला 'व्हाइस' ही अक्षरं इंग्रजीसारखीच होती. भाषांतरात नुसतं 'रेक्टर' होतं.

चौकशीला तिघे बसले. प्राचार्य देवरे, संस्थेचे संचालक तोताराम अण्णा, आणि इतिवृत्त लिहायला मुख्य लिपिक कौतिक पाटील, ज्यांना सगळे नाना म्हणत. समोर भिकन.

"सपकाळे, ही सही कोणाची?" प्राचार्यांनी विचारलं.

"उपप्रमुखांची, सर. प्रमुखांनी त्यांना अधिकार दिला होता."

"भाषांतरात तसं कुठे आहे?"

"टाइप करताना राहून गेलं. नकलेत जशी सही दाखवतात तशी दाखवली."

तोताराम अण्णा चष्मा कपाळावर चढवून प्रमाणपत्र न्याहाळत होते. कापसाचे व्यापारी, शिक्षण सातवी, पण संस्थेची पहिली वीट त्यांनी ठेवली होती. "मंग तो मोठा साहेब काय करस तठे? पोऱ्यासना कागदवर सही बी नही करस? आमना पोरगाना दहावीना कागदवर बी बोर्डना साहेबनी सही शे."

"ती छापलेली असते, अण्णा," भिकन म्हणाला.

"छापेल का व्हयना, साहेबनीच शे ना?"

प्राचार्य हसले नाहीत. "सपकाळे, मला तुमच्या ज्ञानाबद्दल शंका नाही. मुलं तुमच्याबद्दल चांगलं बोलतात. पण प्रतिज्ञापत्रावर असत्य विधान आहे. कोणाच्या फायद्याचं? तुमच्या. भाषांतरकाराला बोलवा."

पुढच्या आठवड्यात पितांबर धुळ्याला गेला. बरोबर फुलस्केपवरचा कच्चा मसुदा नेला. त्यात तिन्ही ओळी होत्या. त्याने तो प्राचार्यांसमोर ठेवला.

"हा मसुदा आधीचा आहे. यात सगळं आहे."

प्राचार्यांनी तो उलटसुलट पाहिला. "यावर तारीख नाही."

"मसुद्यावर कोण घालतं?"

"म्हणजे हा काल रात्री लिहिलेला नाही, हे मी कशावरून समजायचं?"

पितांबरचा चेहरा लाल झाला. मुंबईच्या त्या शाळेत तीस वर्षांत त्याला असं कोणी विचारलं नव्हतं.

"फेगडे, तुम्ही वयस्क आहात, मी जास्त ताणत नाही," प्राचार्य म्हणाले. "एका प्रश्नाचं उत्तर द्या. या प्रमाणपत्रावर रेक्टरने सही केली आहे का?"

"रेक्टरांनी केलेली नाही. पण..."

कौतिकनानांनी तेवढं लिहून घेतलं. पेन उचलून वाट पाहू लागले.

"पण त्यांच्या अधिकाराने उपप्रमुखांनी केली आहे, आणि ती तितकीच खरी आहे. हे लिहा."

"ते स्पष्टीकरण झालं, आबा," कौतिकनाना म्हणाले. "जबाबात प्रश्नाचं उत्तर येतं. स्पष्टीकरण वेगळ्या अर्जाने द्या, मी जोडतो."

"अर्धं वाक्य कसं लिहिता तुम्ही?"

"तुम्ही पण अर्धंच टाइप करेल होतं ना?" हे तोताराम अण्णा बोलले. त्यात राग नव्हता. हिशेबात फरक दाखवावा तसं ते बोलले.

पितांबरने भिकनकडे पाहिलं. भिकन हळूच म्हणाला, "करा सही, आबा. नाही केली तर सही नाकारली असं लिहितील." जे वाक्य लिहिलं होतं ते खोटं नव्हतं. पितांबरने सही केली. त्याच दुपारी धुळ्याच्या स्टँडवर बाकावर बसून त्याने सव्वा पानी स्पष्टीकरण लिहिलं, परत जाऊन आवक शिक्का मारून दिलं आणि पोच घेतली. ते स्पष्टीकरण कोणी वाचल्याची नोंद कुठेही नाही.

त्याने नवं भाषांतरही करून दिलं, तिन्ही ओळींसह, नव्या स्टॅम्पपेपरवर. त्याने प्रकरण बिघडलं. आता एकाच कागदाची दोन प्रतिज्ञापत्रं झाली होती, दोन्ही त्याच माणसाची, दोन्हींत लिहिलेलं की भाषांतर मुळाबरहुकूम आहे. प्राचार्यांनी दोन्ही शेजारी ठेवून एवढंच विचारलं, "यातलं खरं कुठलं मानायचं?"

भिकनने बेटावरच्या संस्थेला पत्र लिहून प्रमाणपत्राला दुजोरा मागितला. उत्तराची वाट पाहण्यात एप्रिल गेला. त्याचे तास काढून घेतले होते. तो रोज वेळेवर यायचा, हजेरीपटावर सही करायचा आणि ग्रंथालयात बसायचा. करप्यावरचं त्याचं शिकवणं अर्धं राहिलं होतं. दोन विद्यार्थी पानं घेऊन आले, त्यांना त्याने बाहेर झाडाखाली डाग दाखवून समजावलं. तेवढंही कोणीतरी वर कळवलं, आणि विद्यार्थ्यांशी संपर्क ठेवू नये अशी चिठ्ठी आली.

एप्रिलच्या अखेरीस कौतिकनानांनी त्याला कार्यालयात बोलावून पाकीट दिलं. परिविक्षाकाळ समाधानकारक न ठरल्याने सेवा समाप्त. भिकनने पत्र शेवटपर्यंत वाचलं आणि खाली बोट ठेवलं.

"नाना, ही सही तुमची आहे."

"मग?"

"खाली 'प्राचार्यांकरिता' लिहिलंय."

"साहेब पुण्याला गेले आहेत. पत्र आजच निघायला हवं होतं."

"म्हणजे साहेबांनी तुम्हाला सांगितलं, तुम्ही सही केली."

"सांगितल्याशिवाय करेन का, सर? वीस वर्षं करतोय."

"माझ्या कागदावरही हेच आहे, नाना."

कौतिकनानांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांना मुद्दा कळला होता, ते नक्की. त्यांनी दाराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "भाऊ, माझा पोरगा तुमच्याकडेच शिकतो. तो म्हणतो, सपकाळे सरांसारखं कोणी शिकवत नाही. पण तिकडचं तिकडे. माले कोण इचारस?"

"मूळ प्रमाणपत्र द्या माझं."

नानांनी कपाटातून नळी काढली. भिकनने तिथेच ते उघडून पाहिलं. तळाशी, उपप्रमुखांच्या सहीवरून, जांभळ्या शाईचा आडवा शिक्का होता. 'अग्राह्य.' बाजूला तारीख.

"हे कोणी केलं?"

"नियम आहे, सर. नाकारलेला कागद शिक्का मारून परत करायचा. तोच कागद पुन्हा कोणी सादर करू नये म्हणून."

"झेरॉक्सवर मारतात, नाना! मूळ कागदावर कोणी मारतं का?"

नानांनी कपाट बंद केलं. मारताना त्यांनी मूळ की झेरॉक्स हे पाहिलंच नसावं. दोन्ही एकाच फाइलीत होते.

भिकन सावद्याला आला. मेच्या शेवटी बेटावरून उत्तर आलं. पदविका अस्सल आहे, उपप्रमुखांना सहीचा अधिकार अमुक तारखेच्या आदेशाने दिलेला होता, आदेशाची प्रत सोबत. पितांबरने त्याचं भाषांतर केलं, टाइप स्वतः केलं, आणि दोघे ते घेऊन प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी पत्र वाचलं. बराच वेळ वाचलं.

"हे मार्चमध्ये आलं असतं तर," ते म्हणाले. मग म्हणाले, "जाहिरात निघालेली आहे, सपकाळे. आता तुम्ही न्यायाधिकरणात जा. मी अडवणार नाही."

जाहिरात भिकनने पाहिली होती. राखीव उमेदवार उपलब्ध न झाल्याने त्याची राखीव जागा तात्पुरत्या स्वरूपात खुल्या प्रवर्गातून भरायची होती. नाशिकला न्यायाधिकरणात त्याने अर्ज केला. वकिलाने पहिल्याच भेटीत सांगितलं, पाच वर्षं धरून चाला.

दरम्यान त्याने इतरत्र अर्ज केले. चोपड्याकडच्या एका महाविद्यालयातून मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत चांगली झाली. विषयतज्ज्ञांनी करप्यावर त्याच्याशी इतका वेळ चर्चा केली की अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. मग मूळ कागद मागितले. लिपिकाने नळीतून प्रमाणपत्र काढलं, पसरलं, जांभळा शिक्का पाहिला, आणि अध्यक्षांपुढे सरकवलं. अध्यक्षांनी तो एकच शब्द वाचला. बेटावरचं दुजोऱ्याचं पत्र भिकन पाकिटातून काढत होता, तेवढ्यात पुढच्या उमेदवाराचं नाव पुकारलं गेलं.

मुक्ताईनगरकडच्या दुसऱ्या एका ठिकाणी निदान विचारलं तरी. तो सगळं सांगत असताना समितीतला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "गुंतागुंतीचं दिसतंय." तिथेच संपलं.

पितांबर म्हणाला, "बेटावरच्या संस्थेकडून दुसरी प्रत मागव."

भिकनने चौकशीचं पत्र टाकलं. दुसरी प्रत मिळत होती, दोन रीतींनी. मूळ प्रत खराब झाली असेल तर ती परत पाठवायची. हरवली असेल तर पोलिसांचा दाखला आणि त्याचं स्पॅनिश भाषांतर जोडायचं. भाषांतर इथेही त्रयस्थाचंच हवं होतं.

"खराब झाली म्हणून पाठवून दे," पितांबर म्हणाला. "शिक्का दिसू दे त्यांना. काय झालं ते लिही. ते समजून घेतील."

"त्यांनी विचारलं होतं, आबा. दुजोऱ्याच्या पत्राखाली उपप्रमुखांनी हाताने लिहिलं होतं, आमच्या सहीबद्दल तुमच्याकडे काही शंका आहे का? मी कळवलं, नुसती रीत आहे. आणि समजा त्यांनाच शंका आली तर? नोकरी देणाऱ्याने नाकारलेला कागद. ते फाइल उघडून बसतील. तिकडेही कौतिकनाना असतीलच की कोणीतरी."



जुलैतल्या एका सकाळी, गावी, भिकनने नळीतून प्रमाणपत्र काढलं आणि आईच्या चुलीशी बसला. भागाबाई भाकरी थापत होती.

"कायचा कागद रे तो? जाड हाये."

"जुना हाये, माय."

"मग चूल पेटवाले ठेव ना. असा निजवून काहून टाकतो?"

जाड कागद लवकर पेटेना. त्याने चिमट्याने तो दोनदा सरकवला. यादव ओट्यावर बसून हे पाहत होता. त्याला वाचता येत नव्हतं, पण त्या कागदाचा आकार तो ओळखत होता. तो उठून आत आला, मुलाकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं. रिकामी नळी उचलून त्याने कोनाड्यात ठेवली आणि बागेत कामाला गेला.

पोलिस ठाण्यात भिकनने एस.टी.च्या प्रवासात कागद गहाळ झाल्याची तक्रार दिली. हवालदाराने कोणती बस, कोणता दिवस, एवढं विचारून दाखला लिहून दिला. तो घेऊन भिकन जळगावला पितांबरकडे आला.

पितांबरने चष्मा लावला, दाखला वाचला. "एस.टी.त गेला?"

भिकनने पाकीट टेबलावर सरळ ठेवलं.

"विचारतोय मी."

"जाळला, आबा."

पितांबरने दाखला टेबलावर ठेवला. आतून कोणीतरी चहाचं विचारलं, त्याने नको म्हणून हात हलवला.

"मला सांगायचं नव्हतंस."

"तुम्ही विचारलंत."

"कुणी दुसरा भाषांतरकार..." पितांबर बोलता बोलता थांबला. दुसरा कोणी नव्हता. "भिकन, त्या दिवशी कोर्टात मी तो कागद सोमवारपर्यंत अडवला असता तर मुदत गेली असती, एवढंच. ते फार तर एक दिवस ओरडले असते."

"मीच विचारलं होतं, चालेल ना म्हणून."

"पण चालेल मी म्हणालो होतो."

बाहेर रस्त्यावर एक हातगाडीवाला केळी ओरडत गेला. पितांबरने कोरा कागद घेतला आणि भाषांतर सुरू केलं. तो नेहमीप्रमाणे एकेक शब्द तपासत लिहीत होता. बसचा मार्ग, तारीख, अर्जदाराचं नाव, हवालदाराचा बक्कल नंबर. भिकन समोर बसून वाचत होता. एका ठिकाणी त्याने क्रियापदाचा काळ सुधारून सांगितला, पितांबरने तो सुधारला. मजकूर संपल्यावर पितांबरने खाली एक ओळ सोडली आणि लिहिलं की वरील भाषांतर मूळ दाखल्याबरहुकूम आहे. मग सही केली, तारीख घातली, आणि कागद भिकनकडे सरकवला.

"बरोबर आहे का बघ."

"बरोबर आहे."

भिकनने तो घडी न घालता पाकिटात ठेवला आणि उठला. पोस्ट बंद व्हायला वेळ होता. तिथून त्याला सावद्याची बस धरायची होती. दुसऱ्या दिवशी पहाटे एका शेतकऱ्याच्या बागेत करप्याच्या फवारणीचं काम त्याने घेतलं होतं. पाठीवर पंप घेऊन फिरायचं काम, रोजंदारीचं. पितांबर चपला घालून त्याच्याबरोबर निघाला. कोपऱ्यापर्यंत दोघे बरोबर चालले. तिथे पितांबर थांबला आणि भिकन एकटाच पोस्टाकडे गेला.